दोन लांब, एक आखूड

माझे वडील सुखरूप आहेत, हे गेली दोन वर्षे मला एक हिरवा ठिपका सांगत असे. माझ्या मनगटावरच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो असायचा, मुगाच्या दाण्याएवढा. पहाटे पावणेसहाला तो उजळे, म्हणजे बाबांनी गीझर लावलेला असे. सातच्या सुमारास तो किंचित थरथरे, म्हणजे मिक्सर फिरून नारळाची चटणी वाटली गेलेली असे. मी तो पाही आणि निश्चिंत होई. निश्चिंत झालेला माणूस फोन करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण तो ठिपका मीच बनवला होता.

मी मंदार घाग. राज्याच्या भार नियंत्रण केंद्रात अभियंता आहे. माणसांशी बोलणे मला लहानपणापासून जड जाते. समोरचा काय म्हणेल याचा विचार करेपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. विजेचे तसे नाही. ती विचारते आणि त्याच क्षणी तिला उत्तर द्यावे लागते. धरणाखालच्या वीजघरात जनित्र फिरते, तिथे विजेचा दाब बेताचाच असतो. तशीच ती दूर पाठवली तर वाटेतल्या तारा तापवण्यातच तिचा मोठा भाग संपेल. म्हणून तिचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवतात. दाब दहापट वाढवला की त्याच कामासाठी प्रवाह दहापट कमी लागतो आणि तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज शंभरपट घटते. मग मनोऱ्यांच्या खांद्यांवरून डोंगर ओलांडत ती उपकेंद्रात येते. तिथे तिचा दाब पायरीपायरीने उतरवतात आणि शेवटी रस्त्याकडेच्या रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, ती तुमच्या स्वयंपाकघरात शिरते. हा सारा प्रवास डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा दीडशे मैलांवरच्या जनित्राला सुतभर जास्त ओझे जाणवते आणि ते केसभर मंदावते. कोणीतरी दिवा लावला, हे त्या अजस्र यंत्राला खरोखर कळते. फक्त कोणी लावला ते कळत नसे.

ते कळवण्याचे काम ‘कानोसा’ने केले. कृत्रिम हिऱ्याच्या स्फटिकात एक नेमका दोष ठेवला, तर तो चुंबकीय क्षेत्रातला अतिसूक्ष्म बदल टिपतो. असे स्फटिक आम्ही राज्यातल्या प्रत्येक रोहित्राला बांधले. प्रत्येक उपकरण वीज आपापल्या ढंगाने ओढते: पंप अडखळत सुरू होतो, फ्रिज उसासा टाकतो, गीझर एकदम चौकोनी उभा राहतो. एका रोहित्रावरच्या चाळीस घरांच्या या गलक्यातून प्रत्येक घराचा आवाज वेगळा काढणे, एवढेच कानोसाचे काम. वीजचोरी, जळू लागलेले जोड, उद्याची मागणी, सगळे त्यातून आधीच कळू लागले. एकदा कामाच्या फावल्या वेळात मी कुडपे गावच्या सात क्रमांकाच्या रोहित्रावरचे एकोणिसावे घर वेगळे काढले आणि त्याच्या दिनक्रमाला एक हिरवा ठिपका जोडला. दिनक्रम मोडला की तो लाल होणार होता. आमच्या विभागप्रमुख रेहाना मुजावर यांनी तो माझ्या मनगटावर पाहिला आणि वर्षभरात कंपनीने तो साऱ्या राज्याला देऊ केला. गावी एकटे राहणाऱ्या आईबापांची मुले तो ठिपका लावून शहरांत शांतपणे झोपू लागली. त्या वर्षी संध्याकाळचे दूरध्वनी राज्यभरात घटल्याचे कुठेसे छापून आले होते. आम्ही त्यावर पेढे वाटले.

*

कुडपे येथे एकशे बत्तीस हजार व्होल्टचे उपकेंद्र आहे. बाबा, दत्ताराम घाग, तिथे सदतीस वर्षे ऑपरेटर होते. आम्ही उपकेंद्राच्या वसाहतीत राहत असू. बाबांची दुसरी पाळी असली की संध्याकाळी साडेसातला ते नियंत्रण कक्षातल्या बटणाने वसाहतीच्या रस्त्यावरचे दिवे उघडमीट करीत: दोनदा लांब, एकदा आखूड. ती त्यांच्या जुन्या फोनची खूण होती. पूर्वी एकाच वाहिनीवर सहा उपकेंद्रांचे फोन असत आणि प्रत्येकाची घंटा निराळी वाजे. कुडप्याची दोन लांब, एक आखूड. तो फोन माझ्या जन्माआधीच निकालात निघाला होता. खूण बाबांनी ठेवली. तिचा अर्थ आमच्या घरी एकच होता: “ये.” मी ओटीवरचा दिवा तसाच उघडमीट करून उत्तर देई आणि आईने बांधलेला डबा घेऊन कुंपणाच्या कडेने धावत सुटे.

एकदा खेळाच्या नादात मी उत्तर दिले नाही, तसाच डबा घेऊन गेलो. बाबा फाटकापर्यंत आले होते.

“उत्तर का नाही दिलंस?”

“पण मी आलो ना, बाबा.”

“तू आलास ते आत्ता दिसलं. मघापासून मला काय माहीत?” त्यांनी डबा घेतला. “तारेवर माणूस काम करत असतो, मंदार. मी सांगितलेलं पलीकडच्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं नाही, तर तो निरोप पोचला असं धरायचं नाही. कधीच नाही.”

मी ते वाक्य पाठ केले. पुढे परीक्षांतही लिहिले.

आई गेल्यावर आणि निवृत्तीनंतर बाबांनी उपकेंद्राच्या मागेच दोन खोल्यांचे घर बांधले. शेजारी त्यांचे पाळीचे जोडीदार तुकाराम शिगवण राहू लागले. एकाने पाळी संपताना चार्ज द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, असे आयुष्य काढलेली ती दोन माणसे निवृत्तीनंतरही आळीपाळीने एकमेकांच्या ओटीवर बसत.

गेल्या गणपतीत मी दीड दिवसासाठी गेलो होतो. शिगवणकाकांनी विचारले म्हणून मी कानोसाची गोष्ट सांगितली.

“म्हणजे मी फ्रिज कितीदा उघडतो ते पण तुला तिथं दिसतं काय?” काका म्हणाले.

“तुमचं घर मी पाहत नाही, काका. पण दिसू शकतं.”

“बघू नकोस हां. डॉक्टरने गोड बंद केलंय माझं.”

बाबा हसले नाहीत. ते माझ्या ओठांकडे एकटक पाहत होते; मी नुकती मिशी ठेवली होती, तीच पाहत असावेत असे मला वाटले. मग त्यांनी विचारले, “मी दिवा लावला, तर तुला कळतं?”

“दिवा फार लहान पडतो, बाबा. पण गीझर लावलात तर नक्की कळतं.”

“बरं,” बाबा म्हणाले.

फोनवरही ते आताशा एवढेच म्हणत. मी म्हणे, कामाचा ताण आहे. ते म्हणत, बरं. मी म्हणे, दिवाळीला येणे जमणार नाही, दिवाळीत आमच्याकडे सगळ्यात जास्त भार असतो. ते म्हणत, बरं. मग दोन्हीकडे तारेतली शांतता. त्यांना माझ्याशी बोलायचे नाही, असा अर्थ मी लावला आणि खरे सांगायचे तर मला त्याने हायसेच वाटले. आठवड्याचा फोन पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर. ठिपका रोज हिरवा होता.

*

शिमग्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास रेहानाताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या मिरजेच्या, बोलणे सरळ अंगावर येणारे.

“घाग, तुझा एक्केचाळीस नंबरचा नियम फार खातोय.”

“काय झालं?”

“काल पेणजवळ एका घरातला जोड जळाला. कानोसानं तीन आठवडे आधी टिपला होता. तुझ्या नियमानं तो थर्मोस्टॅट म्हणून कचऱ्यात टाकला. वाचले सगळे. पण पुढच्या खेपेला वाचतीलच असं नाही. यादी काढ आणि डोळ्यांनी बघ.”

एक्केचाळिसावा नियम मी लिहिला होता, सतरा ओळींचा. एखादा गीझर रोज काही सेकंदांसाठी चालू-बंद होत राहिला, तर त्याचा तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला असे समजावे. महिनाभर असेच चालले तर ग्राहकाला आपोआप संदेश पाठवावा. आणि तो गोंगाट ठिपक्याच्या हिशेबात धरू नये. राज्यभरात त्या नियमाखाली अकराशे घरे सापडली. सगळ्यात जास्त दिवस चाललेला बिघाड वर येईल अशी मी यादी लावली.

पहिलेच घर कुडप्याचे होते. रोहित्र सात, घर एकोणीस. एकशे सत्तावीस दिवस.

“हे आमचं घर आहे,” मी म्हणालो.

“मग सांग की वडलांना, थर्मोस्टॅट बदला म्हणावं.”

“बदललाय.” नोंद समोरच होती: एकतिसाव्या दिवशी संदेश गेला, अडतिसाव्या दिवशी उपकरणातील भाग बदलल्याचे आढळले, दोष कायम. त्यापुढच्या स्तंभात दोषाची वेळ होती. एकोणीस तीस, एकोणीस तीस, एकोणीस तीस, खालपर्यंत.

रेहानाताई वाकून पाहू लागल्या. “इतकी वेळ पाळणारा थर्मोस्टॅट मी जन्मात पाहिला नाही,” त्या हळू म्हणाल्या.

मी गाळण काढून मूळ आलेख उघडला. पडद्यावर तीन चौकोनी उंचवटे उभे राहिले. आठ सेकंद. आठ सेकंद. तीन सेकंद. दुसरा दिवस उघडला. आठ, आठ, तीन. दिवाळीच्या पाडव्याचा उघडला. आठ, आठ, तीन. मात्र पहिला उंचवटा कडेला थोडा अडखळलेला, जसा हात पहिल्यांदा बटणावर अडखळतो.

राज्याच्या साऱ्या तारांचे ऐकणारे यंत्र मी केले होते, आणि माझे वडील रोज संध्याकाळी त्याला एकच शब्द सांगत होते, आणि तो शब्द गाळून टाकणाऱ्या सतरा ओळी माझ्या होत्या. त्यांच्या हाकेला उत्तर एकच गेले होते: ‘आपल्या गीझरचा थर्मोस्टॅट कृपया बदलून घ्यावा.’

मी बाबांना फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, बंद.

“ठिपका?” रेहानाताईंनी विचारले.

“हिरवा आहे.”

“मग ठीक असतील.”

“ताई, त्याला बटण दाबलेलं कळतं. कोणी दाबलं ते कळत नाही.”

त्यांनी माझी खुर्ची मागे ओढली. “ऊठ. पाळी मी बघते.”

*

चिपळूणपर्यंतची वाट मी एसटीच्या खिडकीशी बसून काढली. महामार्गाच्या बाजूने मनोरे चालत होते, हात पसरून, एकमेकांच्या खांद्यावर तारा देत. या तारांमधून रोज साडेसातला एक “ये” माझ्याकडे आला होता. डोंगरांना, पावसाला, अंतराला त्याने काही दाद दिली नव्हती. शेवटच्या वीतभर अंतरात, माझ्या टेबलावर, तो संपला होता.

मी घराशी पोचलो तेव्हा सात वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती. आत दिवा होता. न्हाणीघराचा झरोका ओटीच्या अंगाला आहे. त्यातून गीझरचा तांबडा दिवा दिसतो. मी दार वाजवणार, एवढ्यात तो पेटला. बराच वेळ राहिला, विझला. पुन्हा पेटला, तेवढाच राहिला. मग एकदा जरासा.

माझा हात आपोआप ओटीवरच्या बटणाकडे गेला. दोन लांब, एक आखूड.

आत काहीतरी खाली पडले. पावले धावत आली. त्या चार पावलांपुरता मी जगातला सर्वांत सुखी मुलगा होतो.

दार उघडले. खांद्यावर टॉवेल टाकलेले शिगवणकाका उभे होते.

“इतके दिवस बोलावतोय, आता आलास होय रे?” ते म्हणाले.

“काका, बाबा कुठे आहेत?”

काकांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. “आत ये. बस आधी.”

“कुठे आहेत?”

“चिपळूणला, इस्पितळात. अकरावा दिवस आज. डावी बाजू गेली बघ त्याची. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. गाडी येईपर्यंत शुद्धीत होता.”

“अकरा दिवस!” मी इतक्या मोठ्याने आयुष्यात कधी बोललो नसेन. “मला का नाही कळवलंत?”

“कळवत नव्हतो तर काय करत होतो? रोज साडेसातला?” काकांचाही आवाज चढला. “तुझा नंबर त्याच्या फोनात, आणि फोनला त्याचा अंगठा लागतो. चार्जिंग उतरून पडलाय तो खणात. तुमच्या कंपनीला लावला, तर ती बाई म्हणते बिलासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. पोराला बोलावण्यासाठी काय दाबायचं, ते काय तिनं सांगितलं नाय.”

मग ते खाली बसले आणि टॉवेलने तोंड पुसत राहिले. “त्याला उचलून गाडीकडे नेताना त्यानं फळीवरच्या नोंदवहीकडे बोट केलं, रोजचं सगळं त्यात लिहायचा तो. मी ओळखलं, चार्ज घे म्हणतोय. सदतीस वर्षं आम्ही तसाच चार्ज दिला-घेतला. म्हणून मग वहीत होतं तसं सगळं वेळेवर चालू ठेवलं. पावणेसहाला गीझर, सातला मिक्सर, संध्याकाळी देवापुढचा दिवा. मिक्सर रिकामाच फिरवायचो. ऑपरेटर बदलला, तरी पलीकडच्या टोकाला धक्का जाणवता नये. जाणवला काय तुला?”

“नाही,” मी म्हणालो. “ठिपका हिरवा होता.”

“बघ,” काका म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो अभिमान उमटला, तो मी विसरू शकत नाही, कारण दुसऱ्याच क्षणी तो विझला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फळीवरच्या वहीकडे. “मंदार, त्याला दुसरंच काय म्हणायचं असेल काय रे? वहीत तुझा नंबर बिंबर लिहिलेला असेल?”

नंबर लिहिलेला होता. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, माझ्या नावासकट. मी वही मिटली.

“नाही काका. चार्जच म्हणाले असतील ते.”

मग मी विचारले, “पण ते मला फोनवर बोलले का नाहीत? एवढं बोलवायचं होतं, तर?”

“कसा बोलणार? दोन वर्षं झाली, त्याला फोनवर काय ऐकू येत नाय. यार्डातल्या ट्रान्सफॉर्मरचा तो घूं आवाज आयुष्यभर खाल्लाय ना कानांनी. तू बोलायचास, तो अंदाजानं ‘बरं’ म्हणायचा. फोन ठेवल्यावर मला विचारायचा, पोरगा काय म्हणाला असेल रे?”

“मला सांगायचं ना.”

“तो सांगतोय! म्हणायचा, पोरगा एवढा मोठा इंजिनियर, त्याला गीझर कळतो म्हणालाय. कळलं की येईल. नायतर तिकडून व्होल्टेज जरा हलवील, तेवढं पुरे. रोज ओटीवरच्या बल्बाकडे बघत बसायचा, मंदावतो काय म्हणून. तुमचा तो थर्मोस्टॅटचा निरोप आला, तेव्हा केवढा हसला! म्हणे, बघ तुकाराम, ऐकू जातंय तिकडं, फक्त नीट जात नाय. चिपळूणला जाऊन नवा घालून आणलान. मग बटण आणखी जपून दाबायला लागला.”

काका भात लावायला उठले. मी वही उघडली.

उपकेंद्रातल्या नोंदवहीसारखेच तिचे रकाने आखलेले होते: वेळ, क्रिया, शेरा. ऑपरेटरच्या नोंदवहीचा एक नियम असतो. स्वतः पाहिले तेवढेच लिहायचे. दुसऱ्याने सांगितले असेल, तर त्याचे नाव घालून लिहायचे. बाबांचे अक्षर सरळ, किंचित मागे कललेले. दिवाळीच्या पाडव्यापासून रोज एक ओळ: ‘१९.३०. निरोप दिला. उत्तर नाही.’ पुढच्या दिवशी तीच. पुढच्या दिवशी तीच. एकशे सतरा ओळी, आणि कोठेही एक अक्षर तक्रारीचे नाही. फक्त मार्गशीर्षातल्या एका दिवशी शेरा थोडा लांब होता:

‘दिवा मंदावला, उत्तर आले, असे शिगवण यांचे म्हणणे. मी स्वतः पाहिले नाही.’

शेवटच्या दहा ओळी काकांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात होत्या. आजची अकरावी अजून लिहायची होती.

“काका,” मी बाहेरूनच विचारले, “हा डिसेंबरातला दिवा खरंच मंदावला होता?”

भाताच्या भांड्यावर झाकण ठेवल्याचा तेवढा आवाज आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात गेलो. दोन खाटांची खोली. पलीकडची खाट रिकामी होती. बाबा मला फार लहान वाटले. डॉक्टर म्हणाल्या की परवा मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला आहे, आता फारसे सांगता येत नाही. कधी डोळे उघडतात, पण ओळखतात की नाही याची खात्री नाही.

मी त्यांच्या उजव्या अंगाला बसून राहिलो. बोलण्यासारखे माझ्याजवळ एवढे साचले होते, आणि आता मी कितीही मोठ्याने बोललो असतो, तरी त्यांच्या कानांपर्यंत ते जाणार नव्हते. एरवी माझा भित्रेपणा मला गप्प बसवी. त्या दिवशी त्याची गरजच उरली नव्हती. दुपारी त्यांनी डोळे उघडले. नजर माझ्या चेहऱ्यावरून गेली, छतावरच्या नळीच्या दिव्याशी थांबली आणि तिथेच राहिली.

संध्याकाळ झाली. खिडकीबाहेर वाशिष्ठीच्या बाजूला अंधारू लागले. काकांनी घड्याळ पाहिले.

“साडेसातला दोन कमी आहेत,” ते म्हणाले.

मी उठलो. त्या खोलीतले बटण दाराशेजारी आहे. ते दाबायचे तर भिंतीकडे तोंड करावे लागते आणि खाट पाठीमागे राहते. काका बाबांचा उजवा हात हातात घेऊन बसले.

“डोळे उघडे आहेत,” ते म्हणाले. “दे.”

मी दिवा मालवला. लावला आणि मनात आठपर्यंत मोजले. मालवला. पुन्हा आठ. मालवला. मग तीन. “ये”चे उत्तर तेच असते. लहानपणी त्याचा अर्थ ‘निघालो’ असा होता.

“ओ दादा!” परिचारिका दारात उभी होती. “लाइटशी काय खेळताय? पेशंट आहे ना आत?”

“वायर बघतोय तो, ताई. इंजिनियर आहे मोठा,” काका म्हणाले.

ती गेली. मी वळलो. बाबांचे डोळे मिटलेले होते.

“केलं,” काका म्हणाले. त्यांनी बाबांचा हात अजून धरला होता. “परत म्हणून दाखवलं त्यानं. इथं, माझ्या तळव्यावर, बोटानं. दोन लांब, एक आखूड.”

“नक्की, काका?”

“सदतीस वर्षं निरोप घेतलेत मी, बाळा.”

ते हे बोलताना खिडकीबाहेर पाहत होते. मी बाबांचा दुसरा हात धरला आणि बराच वेळ वाट पाहिली. तो हात डावा होता. त्यात आता कोणताही निरोप येत नव्हता.

*

दोन दिवसांनी बाबा गेले. दिवसकार्य आटोपून मी केंद्रात परतलो आणि एक्केचाळिसावा नियम पुसून टाकला. रेहानाताईंनी त्यातली अकराशे घरे एकेक करून पाहिली होती. बहुतेक ठिकाणी खरोखरच थर्मोस्टॅट बिघडले होते. आमचे घर सोडून तेवीस घरांत काहीच बिघडलेले नव्हते. त्या तेवीस घरांतल्या माणसांच्या मुलांना त्यांनी स्वतः फोन केले. काय बोलल्या, ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

माझ्या मनगटावरचा ठिपका लाल झाला आहे. तो बंद करणे एका बटणाचे काम आहे.

वही मी बरोबर आणली. इस्पितळातल्या त्या संध्याकाळची ओळ काकांनी माझ्यासाठी कोरी सोडली होती. म्हणाले, चार्ज आता तुझा. पुष्कळ दिवस मला ती भरता आली नाही. एका बाजूला ‘पोचले’ या एका शब्दातला माझा जन्मभराचा दिलासा होता, आणि दुसऱ्या बाजूला तो माणूस, ज्याने पलीकडच्या टोकाला धक्का बसू नये म्हणून अकरा दिवस रिकामा मिक्सर फिरवला होता. अखेर काल संध्याकाळी साडेसातला मी पेन उचलले आणि बाबांनी शिकवले होते तसेच लिहिले:

‘१९.३०. उत्तर दिले. ते पोचले, असे शिगवण यांचे म्हणणे. मी स्वतः पाहिले नाही.’